बाटली उडाली, वही राहिली

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनांचे वारे वाहू लागतात आणि घराघरांत एक जुनेच नाटक नव्याने सुरू होते. पहिल्या अंकात मूल जेवता जेवता सांगते, की ‘प्रोजेक्ट’ द्यायचा आहे. कधी? तर परवा! दुसऱ्या अंकात आई पुठ्ठा, रंगीत कागद आणि डिंक आणायला बाजारात धावते. तिसऱ्या अंकात रात्री साडेअकरा वाजता वडील जमिनीवर मांडी ठोकून ज्वालामुखी रंगवत बसलेले असतात, आणि ज्याचा तो ज्वालामुखी, तो आतल्या खोलीत गाढ झोपलेला असतो.

बँकेची नोकरी संपल्यावर, चार कादंबऱ्या नावावर असल्याच्या पुण्याईने, मला अशा प्रदर्शनांना पाहुणा म्हणून बोलावतात. नारळ आणि शाल स्वीकारून मी टेबलांवरून फिरतो. पवनचक्क्या फिरत असतात, धरणांचे दिवे लागत असतात, ज्वालामुखी फसफसत असतात. मांडणी देखणी असते. पण ‘हे असं का होतं रे?’ असे विचारले, की पोरगा पाठ केलेला परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवतो, आणि मध्येच अडवले तर मागे उभ्या असलेल्या आईकडे बघतो. त्याचा दोष नाही. ज्या घराच्या बांधकामात आपण वीटही ठेवली नाही, त्याच्या पायाबद्दल तो बिचारा काय सांगणार?

म्हणून गेल्या वर्षी सातवीतल्या माझ्या नातीने ‘आजोबा, मला रॉकेट करायचंय’ असे जाहीर केले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. रॉकेट म्हणजे सोड्याच्या बाटलीचे. बाटलीत थोडे पाणी घ्यायचे, तोंडाला बूच मारायचे, बाटली उलटी उभी करायची आणि सायकलच्या पंपाने आत हवा भरत राहायची. एका क्षणी बूच निसटते, पाणी खाली झेपावते आणि बाटली वर! या प्रयोगाचा मोठा गुण असा, की त्यात सोंग चालत नाही. रंगवलेला ज्वालामुखी कोणीही रंगवू शकतो. बाटली एक तर उडते, नाही तर उडत नाही, आणि ते सगळ्या गल्लीला दिसते.

सोड्याची बाटली म्हटले, की माझ्या वयाच्या मंडळींना वेगळीच बाटली आठवेल. जाड हिरवट काचेची, गळ्यात गोटी अडकलेली. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले होते. आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर ढकलली जाऊन तोंड बंद राही, आणि दुकानदाराने अंगठ्याने गोटी दाबली, की जो ‘फट्’ असा आवाज होई, तो ऐकायला आम्ही पोरे ताटकळत उभे राहत असू. ही काचेची बाटली या प्रयोगाच्या आसपासही येता कामा नये, हे आधीच सांगून ठेवतो. काच फुटली तर तिचे तुकडे होतात, आणि ते कुठे जातील ते सांगता येत नाही.

आपल्याला हवी ती प्लॅस्टिकची, दोन लिटरची बाटली. अमेरिकेतल्या नथॅनिएल वायथ या अभियंत्याने १९७३ साली तिचे पेटंट मिळवले. फसफसणारे पेय साधे प्लॅस्टिक फुगवून टाकते, म्हणून त्याने प्लॅस्टिक दोन्ही दिशांनी ताणून त्याला बळकटी आणली. दुकानातल्या कपाटात निमूट उभ्या असलेल्या भरलेल्या बाटलीतही, उन्हाळ्याच्या दिवसांत, बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट दाब असतो. म्हणजे आपण जिला रिकामी म्हणून रद्दीवाल्याला देतो, ती दाब सोसण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू आहे. साध्या पाण्याची बाटली मात्र तशी नसते. ती पातळ असते, आणि या कामाला चालत नाही.

आता ही बाटली उडते कशी? नातीच्या पुस्तकात न्यूटनचा तिसरा नियम होता. क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात. तिला तो पाठ होता, पण पटलेला नव्हता. मी तिला माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितला. बँकेत एकाच्या खात्यावर शंभर रुपये नावे पडले, तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर शंभर जमा झालेच पाहिजेत. एक बाजू लिहून दुसरी कोरी ठेवता येत नाही. लुका पाचिओली या इटालियन गणित्याने ही दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली छापील ग्रंथात मांडली, आणि न्यूटनने आपले नियम १६८७ साली. निसर्गाची खातेवहीही तशीच काटेकोर. पाण्याच्या खात्यावर खालच्या दिशेने जेवढा वेग गुणिले वजन जमा झाले, तेवढेच बाटलीच्या खात्यावर वरच्या दिशेने जमा होते. बाटली हलकी, म्हणून तिच्या वाट्याला वेग मोठा येतो.

‘मग पाणी कशाला? नुसती हवाच सोडू की!’ नातीने विचारले. प्रश्न रास्त होता. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे. फेकायला जड काहीतरी असले, की उलटा धक्काही जोरकस बसतो. हवा म्हणजे ताणलेली स्प्रिंग, आणि पाणी म्हणजे फेकायचा दगड. दोघांची जोडी लागते.

तिचा दुसरा समज असा, की पाणी जमिनीवर आपटते आणि जमीन बाटलीला ढकलते. यात लाजण्यासारखे काही नाही. थोरामोठ्यांनाही असेच वाटत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे लिहिले, तेव्हा १९२०च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखातून त्यांची टर उडवली होती. निर्वात पोकळीत रॉकेट कशाला रेटा देणार, शाळेतल्या मुलांनाही कळते ते या प्राध्यापकाला कळत नाही, असा त्याचा सूर होता. पुढे माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्याच वृत्तपत्राने आपली चूक झाल्याचे छापले. रॉकेटला बाहेरचा कुठलाच आधार लागत नाही. ते आपल्या पोटातलेच फेकते आणि त्याच्याच जोरावर पुढे जाते. ही गोष्ट ऐकल्यावर नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे पेपरात छापलेलंसुद्धा तपासायचं?’ मी म्हटले, ‘रविवारची पुरवणीसुद्धा!’

सामान जमवायला एक शनिवार गेला. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून भोक असलेले रबरी बूच आणले. सायकलवाल्याने टाकाऊ ट्यूबचा व्हॉल्व्ह काढून त्या भोकात घट्ट बसवून दिला आणि पंपाची नळी चार मीटरनी वाढवून दिली. ‘कुठल्या सायकलला लावायचंय?’ त्याने विचारले. ‘उडणाऱ्या,’ नातीने सांगितले.

पुठ्ठ्याचे तीन पंख कापून बाटलीच्या तोंडाकडच्या भागाला चिकटपट्टीने लावले. त्यांच्यावरच ती उलटी उभी राहते. पहिल्या उड्डाणात मात्र बाटली दोन-तीन पुरुष वर गेली आणि कोलांट्या खात शेजारच्या जास्वंदीत पडली. माझ्या मुलाचे हात शिवशिवत होते. ‘द्या इकडे, मी नीट करतो,’ म्हणून तो पुढे सरसावला. त्याला मी चहा करायला पाठवले. नात अंगणात फतकल मारून बसली, आणि थोड्या वेळाने घरातून बॅडमिंटनचे फूल घेऊन आली. ते कसेही फेकले, तरी हवेत वळून बुचाच्या बाजूनेच खाली येते, हे तिला ठाऊक होते. जड बाजू पुढे, पिसे मागे. तिने बाटलीच्या बुडावर कागदाचे टोपडे बसवले आणि त्यात खेळायच्या क्लेचा लिंबाएवढा गोळा ठेवला. पुढचे उड्डाण सरळ झाले. बाणाच्या टोकाला लोखंड आणि शेपटाला पिसे का, हेही तिला त्या दिवशी आपोआप कळले. मी काही सांगितले नव्हते, आणि तिच्या वडिलांचा चहा अजून उकळत होता.

बहुतेक घरांतले रॉकेट इथे संपते. उडाले, टाळ्या पडल्या, झाले. पण विज्ञान सुरू होते ते यानंतर. पाणी किती घ्यावे? याचे उत्तर कुणाला विचारून मिळण्यापेक्षा मोजून मिळवावे, असे आम्ही ठरवले. पाण्याची पाच मापे धरली. नुसती हवा, मग ३००, ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटर. प्रत्येकाची तीन उड्डाणे. एकूण पंधरा.

उंची मोजायची तर शिडी नाही. त्रिकोणमिती तिला अजून शिकवलेली नव्हती. पण कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरून, त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवली आणि मध्यबिंदूतून नट बांधलेला दोरा सोडला, की झाले यंत्र. रॉकेटपासून बरोबर २० मीटरवर उभे राहून बाटली सर्वांत वर गेली, की नळीतून तिच्याकडे बघायचे आणि दोरा बोटाने दाबून धरायचा. मग आलेख-कागदावर एक सेंटिमीटरला दोन मीटर या प्रमाणात तो त्रिकोण काढायचा आणि उंची पट्टीने मोजायची. त्यात स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवायची. कोन ४५ अंशांचा आला, तर बाटली २० मीटर अधिक डोळ्यांची उंची एवढी वर गेली. यात मीटरभर इकडेतिकडे होणारच, म्हणून तर तीनतीनदा उडवायचे.

धाकटा नातू सहा वर्षांचा. त्यालाही काम हवे होते. त्याला पंपाचे दट्टे मोठ्याने मोजायला बसवले. दोन उड्डाणे झाल्यावर त्याने हट्ट धरला, ‘माझं पण वहीत लिही!’ तंटा नको म्हणून ताईने ‘दट्टे’ असा एक रकाना आखला.

दोन रविवारांत पंधरा उड्डाणे झाली. नुसत्या हवेवर बाटली ५ मीटरच्या आसपास गेली. ३०० मिलिलिटरला १६, ६०० ला २१, ९०० ला १७, आणि १२०० ला जेमतेम ६. नातीला आधी वाटत होते, की जितके पाणी जास्त, तितकी उडी उंच. तसे झाले नाही. पाणी फार भरले, की हवेला जागा उरत नाही, आणि पाणी पुरते बाहेर पडण्याआधीच हवेचा जोर सरतो. उरलेले पाणी मग ओझे होऊन बसते. साधारण तिसरा हिस्सा पाणी आणि बाकीची हवा, हा हिशेब तिला स्वतःच्या आकड्यांतून सापडला.

पण एक आकडा बसेना. ६०० मिलिलिटरची तीन उड्डाणे होती. दोनदा २१ मीटर आणि एकदा फक्त १२. आलेखाच्या सुबक टेकडीवर तो ठिपका खाली एकटाच पडला होता, पंगतीत ताट न मिळालेल्या पाहुण्यासारखा.

माझा मुलगा म्हणाला, ‘पंधरातला एक तर आहे. खोडून टाक. आलेख छान दिसेल. प्रदर्शनात कोण विचारणार आहे?’ तो वाईट माणूस नाही. मुलीचा नंबर यावा, एवढीच त्याची इच्छा. नातीने माझ्याकडे पाहिले. ‘आजोबा, बँकेत हिशेब जुळला नाही तर तुम्ही काय करायचात?’

मी तिला सांगितले. हाताने लेजर लिहिण्याच्या काळात महिन्याची जुळणी करताना काही पैशांचा फरक आला, तरी आम्ही रात्री उशिरापर्यंत बसत असू. खिशातून तेवढे पैसे टाकून घरी जाणे सगळ्यांत सोपे होते, पण ते कोणी करत नसे. फरक लहान असला, तरी त्याच्यामागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. आकडा चुकला, तर त्यावर गिरवायचे नाही. एका रेघेने असा खोडायचा, की खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. आणि ज्या रकमेचा उलगडाच होत नाही, तिच्यासाठी एक वेगळे खाते असते, सस्पेन्स खाते. तिथे ती रक्कम उघडपणे बसवायची आणि उलगडा होईपर्यंत शोधत राहायचे.

तिने त्या १२ भोवती लाल वर्तुळ काढले आणि वर लिहिले, ‘सस्पेन्स’.

उलगडा धाकट्याच्या रकान्यात होता. २१ मीटरच्या दोन्ही उड्डाणांपुढे दट्टे १४ आणि १५ असे होते. १२ मीटरच्या पुढे ९. म्हणजे त्या वेळी बूच लवकर निसटले होते, आणि हवा पुरती भरलीच गेली नव्हती. का निसटले? नातीने तर्क केला, की आधीच्या उड्डाणाने बूच ओले झाले असणार. नुसता तर्क करून ती थांबली नाही. पुढच्या रविवारी तिने मुद्दाम ओले बूच लावून पाहिले. ९ दट्ट्यांत फट्! उंची ११ मीटर. मग तिने बुचावर पेनाने रेघ आखली, प्रत्येक वेळी ते फडक्याने कोरडे करून रेघेपर्यंतच दाबायचे ठरवले, आणि आकडे एकमेकांच्या जवळ आले. ज्या आकड्याला आम्ही कचऱ्यात टाकणार होतो, त्यानेच तिला नवी गोष्ट शिकवली. बाटलीची उंची पाण्याइतकीच बुचावरही ठरते.

पुढे सहज वाचताना एक योगायोग दिसला. गॉडर्ड यांचे द्रवरूप इंधनावरचे पहिले रॉकेट १६ मार्च १९२६ रोजी उडाले. अडीच सेकंद हवेत राहिले, ४१ फूट वर गेले आणि कोबीच्या वाफ्यात पडले. ४१ फूट म्हणजे साडेबारा मीटर. आमच्या फसलेल्या उड्डाणाएवढेच! जग बदलणाऱ्या यंत्राची पहिली उंची एवढी होती, आणि तीही त्यांनी व्यवस्थित लिहून ठेवली.

घरी करणाऱ्यांसाठी चार सूचना देतो, कारण या खेळात दाब आहे आणि दाबाची चेष्टा करू नये. बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच घ्यावी. तिला चीर, ओरखडा किंवा चेपलेली जागा नसावी. तिच्यावर गरम डिंक लावू नये, उष्णतेने प्लॅस्टिक दुबळे होते. धातूची वस्तू टोकाला लावू नये. नळी लांब असावी, पंप मोठ्या माणसाने मारावा, मुलांनी दूर राहावे आणि सर्वांनी चष्मे लावावेत. हवा भरलेल्या बाटलीवर कोणीही वाकू नये. बूच निसटतच नसेल तर पंप थांबवावा आणि दुरूनच नळी काढून हवा जाऊ द्यावी. आणि मैदान मोकळे असावे, विजेच्या तारांपासून लांब.

खर्च म्हणाल, तर दोन सिनेमांच्या तिकिटांहून कमी. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान कसे उभे राहते, हे पुण्याच्या अरविंद गुप्तांनी आपल्या खेळण्यांमधून आयुष्यभर दाखवले आहे. सायकलचा पंप पाहून नाक मुरडणाऱ्यांनी थुंब्याचे ते प्रसिद्ध छायाचित्र आठवावे. रॉकेटचा पुढचा भाग सायकलच्या मागे ठेवून नेला जातो आहे! केरळच्या किनाऱ्यावरच्या त्या कोळ्यांच्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी आपल्या देशातले पहिले संशोधन-रॉकेट झेपावले, आणि कार्यालय होते गावातल्या चर्चमध्ये. साधने तुटपुंजी होती, मोजमाप मात्र तुटपुंजे नव्हते.

प्रदर्शनात नंबर आला का, असे बरेच जण विचारतात. नाही आला. पहिला नंबर एका सुंदर, दिवे लागणाऱ्या धरणाला मिळाला. पण परीक्षक बाईंनी ते लाल वर्तुळ पाहून ‘हे काय?’ असे विचारले, आणि नात दहा मिनिटे बोलत होती. एकदाही मागे वळून तिने आमच्याकडे पाहिले नाही. माझा मुलगा शेजारीच उभा होता. घरी येताना त्याने ती वही मागून घेतली आणि रिक्षात पहिल्या पानापासून वाचत बसला.

आईवडिलांना आणि आजीआजोबांना माझे सांगणे एवढेच आहे. येत्या प्रदर्शनाला मुलांना वेळ द्या, मैदानावर न्या, पंप मारा, धोका असेल तिथे हात धरा. कात्री, पेन आणि वही मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. आणि वहीत एखादा आकडा वेडावाकडा आला, तर तो मुळीच खोडायला सांगू नका.